बोर्डावरची चौथी फोड

आमच्या एमआयडीसीत मंदी गेल्याचं सगळ्यांनी एकाच महिन्यात जाहीर करून टाकलं. टपरीवाला म्हणाला, वडापचा जीपवाला म्हणाला, पेपरात तर रोजच छापून येत होतं. गेटबाहेर ट्रकांची रांग लागली, भट्ट्या दोन पाळ्यांत पेटायला लागल्या, आणि ज्या रस्त्यावर वर्षभर कुत्री आडवी पडून झोपली होती तिथं हॉर्न वाजायला लागले. मला कुणी विचारलं, "काय वहिनी, गेली न्हवं मंदी?" तर मी गळ्यातलं कार्ड पुढं करायची. "हितं बसलीया बगा अजून," म्हणायची. लोक हसायचे. मी अजिबात चेष्टेत बोलत नव्हते.

ते कार्ड पिवळं होतं. त्याआधी अकरा वर्षं माझ्या गळ्यात निळं कार्ड होतं, कंपनीचं, आणि त्यावर लिहिलं होतं: कोअर मेकर, कुशल कामगार. पिवळं कार्ड ठेकेदाराचं. त्यावर लिहिलं होतं: मदतनीस, अकुशल. कामावर लागल्याची तारीख मी परत आले त्या दिवसाची. म्हणजे कागदाच्या हिशेबानं मी त्या सकाळी आयुष्यात पहिल्यांदा फाउंड्री बघत होते. मला ते दोन शब्द आणि ती तारीख बदलून हवी होती. त्यासाठी मी जे केलं त्याचा मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो त्याआधी केलेल्या एका गोष्टीचा, आणि तीही मी लपवणार नाही.

आधी काम काय ते सांगते. आमची फाउंड्री पंपांचे आणि ट्रकांचे लोखंडी भाग ओतते. ओतीव वस्तू आतून पोकळ हवी असेल तर त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा ठोकळा करावा लागतो. तो साच्यात ठेवायचा, भोवतीनं लोखंड ओतायचं, थंड झालं की वाळू फोडून काढायची. त्या ठोकळ्याला कोअर म्हणतात, आणि आमच्याकडं कोअर बायका करतात. वाळूत तेल किती झालं हे मशीन सांगत नाही. मूठ आवळायची आणि उघडायची. बोटांचे वळ स्वच्छ उमटले आणि ढेकूळ मोडलं नाही, की वाळू तयार. मग ती पेटीत ठासायची, तारेनं भोकं पाडायची म्हणजे आतला गॅस बाहेर पडतो, आणि भट्टीत भाजायची. भोक चुकलं तर लोखंड आतून फुगतं आणि अख्खा पंप भंगारात जातो. हे शिकायला मला दोन वर्षं लागली.

शिकवलं आक्कानं. आक्का आमच्या कोअर शॉपमधली सगळ्यात जुनी बाई, जिभेनं तिखट आणि हातानं मऊ. पहिल्या दिवशी तिनं माझ्याकडून वाळूला हातसुद्धा लावून घेतला नाही. जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी फाडली आणि माझ्या बांगड्या मनगटावर घट्ट बांधून टाकल्या. "बांगडी घासली की कोअरवर रेघ पडती, आन रेघ पडली की साहेब बोंबलतोय," म्हणाली. आम्ही सातजणी रोज सकाळी पट्टी बांधायचो आणि सुट्टीला सोडायचो. त्यामुळे आमच्या शॉपमध्ये सात बायका असूनही बांगड्यांचा आवाज कधी यायचा नाही. पट्टी बांधलेली बाई म्हणजे कामावरची बाई, एवढं अख्ख्या कारखान्याला माहीत होतं.

आता ती गोष्ट. आधी गाड्यांचा बाजार पडला, मग साथ आली आणि सगळंच बंद झालं. थोडं उघडल्यावर साहेबांनी आम्हाला कँटीनमध्ये बोलावलं. साहेब म्हणजे आमचे प्रॉडक्शन मॅनेजर, गौरीला आमच्या घरी येऊन जाणारे, पोरांच्या मार्कांची चौकशी करणारे. त्यांचे डोळे खरोखर ओले होते. म्हणाले, "कंपनी वाचली तर आपण वाचू. कागदापुरता राजीनामा द्या. काम आलं की पहिला फोन तुम्हाला." आम्हाला त्यांची दया आली. खोटं कशाला सांगू, आमची नोकरी जात होती आणि आम्ही त्यांना धीर देत होतो.

सातजणींत माझं अक्षर चांगलं. म्हणून सातही राजीनामे मी लिहिले. "माझ्या वैयक्तिक कारणास्तव" हे मी सात वेळा लिहिलं, वळणदार, खाडाखोड न करता. साहेब म्हणाले, "वहिनी, अक्षर म्हणजे मोती हो." आणि मी फुशारले! त्याहून पुढची गंमत म्हणजे आम्ही वर्गणी काढली आणि जाताना साहेबांना टॉवेल, टोपी आणि नारळ दिला. आमच्याकडं मानाच्या माणसाचा असा आहेर करतात. स्वतःच्या हातानं स्वतःची नोकरी घालवून वर समोरच्याला आहेर करणाऱ्या बायका कोल्हापूर सोडून दुसरीकडं कुठं सापडतील असं मला वाटत नाही.

ते वर्ष मी एका मेसमध्ये भाकऱ्या थापल्या. त्याबद्दल मला काही तक्रार नाही, भाकरीही मला चांगली येते.

साहेबांनी शब्द पाळला, हे मान्य करते. काम आलं तेव्हा पहिला फोन आम्हालाच आला. फक्त गेटवर साहेब नव्हते, ठेकेदार होता, आणि त्याच्याजवळ पिवळ्या कार्डांचा गठ्ठा होता. पेटी तीच, भट्टी तीच, वाळू तीच. पगार मात्र अकुशलाचा, बोनस नाही, जुनी अकरा वर्षं नाहीत. कंपनीची बसही नाही. हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. कळंब्याच्या नाक्यावर आम्ही वडापची वाट बघत उभ्या असायचो आणि समोरून कंपनीची बस निम्मी रिकामी जायची. ड्रायव्हर ओळखीचा. बिचारा आमच्याकडं न बघता गाडी पुढं काढायचा.

घरी मी चिडचिड केली की नवरा म्हणायचा, "मिळतंय ते घे की. निम्मं गाव घरात बसलंय." तो दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर, त्याचा पगार तर मंदीत कमी झाला तो कमीच राहिला होता. मी काही महिने गप्प बसले. घरात पैसे हवे होते आणि गप्प बसायला काही लागत नाही.

मग एका सकाळी शॉपच्या भिंतीवर बोर्ड लागला. मोठं गिऱ्हाईक पुण्याहून तपासणीला येणार होतं, त्यासाठी. बोर्डावर आम्हा सातजणींचे फोटो, आणि प्रत्येक फोटोसमोर एक गोल, चार भाग केलेला. लिंबाच्या फोडी असतात तसा. एक फोड रंगवलेली म्हणजे ही बाई शिकते आहे. दोन म्हणजे कुणी शेजारी उभं राहिलं तर करते. तीन म्हणजे स्वतः करते. चारही रंगवलेल्या म्हणजे ही बाई दुसऱ्याला शिकवू शकते. आक्काच्या आणि माझ्या गोलातल्या चारही फोडी हिरव्यागार भरलेल्या होत्या.

मी किती वेळ त्या बोर्डासमोर उभी होते कुणास ठाऊक. भिंतीवर मी शिकवणारी होते आणि गळ्यात मी अकुशल होते, आणि दोन्हीमध्ये हातभराचं अंतर होतं. मला रडू आलं नाही. मला राग आला, असा की कानशिलं तापली.

मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, त्या बोर्डावरची बाई कोण?"

"तुम्हीच की वहिनी."

"आन ह्या कार्डावरची?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ते कार्ड ठेकेदाराचं. बोर्ड तपासणीसाठी असतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"बाई तर एकच हाय न्हवं?"

"वहिनी, आत्ता कुठं कंपनी सावरतीय. जरा दम धरा."

"कंपनी सावरली त्याला वरीस व्हायला आलं, साहेब. आमी कवा सावरायचं ते सांगा."

त्यांनी टेबलावरची फाईल पुढं ओढली. शॉपमध्ये परत येताना दारावरच्या जुन्या पाटीकडं माझं लक्ष गेलं. अकरा वर्षं मी तिच्याखालून जात होते. "अकुशल कामगारांनी पेटी, भट्टी व यंत्रास हात लावू नये. हुकुमावरून." मी ती दोनदा वाचली. मग माझ्या मनगटावरची पट्टी सोडली, घडी घालून कमरेला खोचली आणि झाडू उचलला.

"हे काय गं?" आक्का म्हणाली.

"मदतनीस हाय मी. झाडतो."

आमच्याकडं बायकाही करतो, झाडतोच म्हणतात, आणि तसं म्हटल्यावर बोलण्याला आपोआप जोर येतो. मी झाडलं. वाळूच्या पाट्या वाहिल्या. पाणी आणून दिलं. पेटीला बोट लावलं नाही. झाडू मारताना माझ्या बांगड्या वाजत होत्या आणि त्या आवाजानं बाकीच्या सहाजणी सारख्या मान वळवून बघत होत्या.

पहिल्या दिवशी सुपरवायझर हसला. दुसऱ्या दिवशी ओरडला. मी त्याला हाताला धरून पाटीखाली नेलं आणि म्हटलं, "वाचा. ही पाटी तुमचीच हाय." पंपाच्या त्या वाकड्या कोअरला फक्त आक्काचा आणि माझा हात बसायचा. माझी पेटी ठेकेदारानं आणलेल्या एका नव्या पोरीला दिली, तिच्या कोअर भट्टीतून बाहेर येतानाच तडकायला लागल्या. त्या पोरीचा काही दोष नव्हता. तिसऱ्या दिवशी ठेकेदार आला. त्याला वाळू आणि साखर यांतला फरकही कळत नव्हता.

"गेटपास काढून घीन," तो म्हणाला.

"घ्या की. फकस्त कारण लिवून द्या. अकुशल बाईनं कुशल काम केलं न्हाय म्हणून काढली, असं लिवा."

तो गेला. मी बोलले खरी, पण त्या दिवशी वडापमध्ये बसल्यावर गेटपास जागेवर आहे ना हे मी तीनदा चाचपून बघितलं. भीती वाटत नव्हती असं म्हणणारी माणसं खोटं बोलतात.

आक्का मात्र माझ्यावर भडकली. तिच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती, घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा न उघडताच मला सुनावलं. "तुज्या पायी सगळ्यांस्नी काढतील. तुला लई शानपन आलंय. त्यावेळी राजीनामं लिवताना कुटं गेलतं हे शानपन?"

मी म्हटलं, "तवा न्हवतं आक्का. म्हणून तर आता करतोय."

तिनं डबा उचलला आणि दुसरीकडं जाऊन बसली. तिचं बोलणं खरं होतं, म्हणून ते जास्त लागलं. ते सात कागद कुणीही लिहिले असते, पण लिहिले मी होते.

तपासणीचा दिवस पाचवा. सकाळी शॉपमध्ये पाऊल टाकलं तर सुपरवायझर हातात ट्रे घेऊन उभा. ट्रेमध्ये आमची निळी कार्डं. आमची जुनी, खरी कार्डं. कुठल्यातरी खणात जपून ठेवलेली. "आजच्या दिवस ही घाला. कुणी विचारलं तर कंपनीच्या कामगार म्हणायचं. संध्याकाळी परत जमा करायची," तो म्हणाला. मी माझं उचललं. त्यावरचा माझा फोटो कामावर लागले तेव्हाचा, केस तेलानं चापून बसवलेले, आणि खाली ते शब्द: कोअर मेकर, कुशल कामगार. एका दिवसासाठी भाड्यानं मिळालेली माझीच नोकरी मी हातात धरून उभी होते.

मी निळं कार्ड गळ्यात घातलं. पिवळं काढलं नाही. दोन्ही छातीवर शेजारी शेजारी नीट लावली, पदर बाजूला खोचला आणि झाडू घेतला.

"वहिनी, पिवळं काढा," सुपरवायझर दबक्या आवाजात म्हणाला.

"कशाला? खोटं हाय व्हय ते?"

तेवढ्यात साहेब आणि पुण्याचे तपासनीस आत आलेच. तपासनीस पन्नाशीचा, सुकलेला माणूस, हातात यादी. तो बोर्डासमोर थांबला, फोटो बघितले, मग वळून माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात झाडू होता.

"ताई, हा फोटो तुमचा ना? तुम्ही तर शिकवणाऱ्या. मग पेटीवर कोण आहे?"

"मी मदतनीस हाय साहेब," मी म्हटलं आणि पिवळं कार्ड पुढं केलं. मग निळं पुढं केलं. "ही बी मीच. ह्यातली खरी कोणची ते आमच्या साहेबांस्नी इचारा. मला पाच दीस झालं कळंना झालंय."

साहेबांचा चेहरा वाळूसारखा झाला. "जरा घरगुती वाद आहे," ते म्हणाले.

आणि तेव्हा माझ्यामागं बांगड्या वाजल्या. मी वळून बघितलं. आक्का पेटीसमोरून उठली होती. तिनं मनगटावरची पट्टी सोडली होती आणि ती हळूहळू हाताभोवती गुंडाळत होती. तिच्याही गळ्यात दोन कार्डं होती. ती पेटीसमोर बसलेली असताना मला ती कार्डं दिसली नव्हती. "घरगुती न्हाय," आक्का म्हणाली. "मी बी मदतनीसच हाय. अडतीस वर्सं वाळू मळली, आन आता अकुशल हाय म्हणं." मग बाकीच्या पाचजणींनी एकामागोमाग पट्ट्या सोडल्या. मी त्या शॉपमध्ये इतकी वर्षं काम केलं, पण बांगड्यांचा तेवढा आवाज कधी ऐकला नव्हता. त्या वेळी तिथं कुणालाही दुसरं काही ऐकू आलं नसतं.

तपासनीस फारसा बोलला नाही. "तुमच्या वादाशी मला कर्तव्य नाही," तो साहेबांना म्हणाला. "पण बोर्डावरची बाई आणि कागदावरची बाई एक असली पाहिजे. नाहीतर हा पंप मी तुमच्याकडून घेऊ शकत नाही." त्यानं यादीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या शॉपला गेला. त्याला न्याय करायचा नव्हता, त्याला चांगले पंप हवे होते. माझं त्यावर काम भागत होतं, म्हणून मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

पंधरा दिवसांत नवी कार्डं आली. रंग पिवळाच. शब्द मात्र बदलले होते: कोअर मेकर, कुशल. पगार जुन्या आकड्यापर्यंत पोचला, म्हणजे मंदीच्या आधी होता तिथं. मधल्या काळात तेलाचा डबा आणि पोराची फी कुठल्या कुठं गेली होती, ते सोडा. बसमध्येही जागा मिळाली. पहिल्या दिवशी ड्रायव्हरनं मला बघून विनाकारण हॉर्न वाजवला.

तारीख मात्र तीच राहिली. मी विचारायला गेले तेव्हा साहेबांनी फाईल उघडली आणि एक कागद माझ्यासमोर ठेवला. माझा राजीनामा. "अक्षर तुमचंच ना वहिनी?" ते म्हणाले. रागानं नाही, थकून म्हणाले. माझंच होतं. मोत्यासारखं.

त्यानंतर दोन वर्षांनी आक्का निवृत्त झाली. चाळीस वर्षं त्या वाळूत काढून कागदावर तिची नोकरी तीन वर्षांचीही भरली नाही, आणि ग्रॅच्युइटीला पाच लागतात, म्हणून जाताना तिला काहीच मिळालं नाही. निरोपाच्या दिवशी साहेबांनी तिला साडी दिली. एकीनं सवयीनं विचारलं, साहेबांसाठी टॉवेल-टोपी आणायची का? आक्का म्हणाली, "एकदा दिलीया तेवढी बास झाली." त्या दिवशी मी घरी गेले, पाटावर कागद ठेवले आणि सात अर्ज लिहिले. कामगार ऑफिसला. जुनी तारीख परत मिळावी म्हणून. पहिला आक्काचा. त्याच वळणदार अक्षरात, खाडाखोड न करता. फक्त या वेळी कारण वैयक्तिक लिहिलं नाही.

अर्जांच्या तारखा पडत आहेत. आम्ही जातो, बसतो, परत येतो. आक्काही येते, छत्री टेकवत, सगळ्यांच्या आधी येऊन बसते.

आणि बोर्डाचं सांगायचं राहिलं. नवी कार्डं आली त्या दिवशी मी माझ्या गोलातली चौथी फोड ओल्या फडक्यानं पुसून टाकली. तीन फोडींचं काम मी करते, एकही कोअर तडकत नाही. चौथी म्हणजे दुसऱ्याला शिकवणं, आणि कागदावर जिच्या नोकरीला वर्षही झालं नाही त्या बाईनं कुणाला काय शिकवायचं? कारखान्यात आता चौथी फोड भरलेली एकही बाई नाही. दर तपासणीच्या आधी साहेब स्वतः हिरवं स्केचपेन घेऊन येतात. टोपण काढून माझ्यासमोर धरतात.

"भरा की वहिनी."

"तारीख भरा साहेब, लगीच भरतो."

ते टोपण लावतात आणि जातात. चौथी फोड अजून पांढरी आहे.